दोन कप्प्यांची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी बॅग आहे. चामड्याची, तपकिरी, आता कडांना पांढरी पडलेली. कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, बंद पडलेल्या इस्त्रीच्या शेजारी माझा मुक्काम असतो. इस्त्री बोलत नाही. मीही इतकी वर्षं बोलले नाही.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात मी जन्मले. कारागीर आरी घेऊन बसला होता, तेवढ्यात एक बाई आल्या. त्याच आठवड्यात त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या.

"दोन कप्पे करा," त्या म्हणाल्या. "एकात शाळा, एकात घर. मधला पडदा जाड घाला. इकडचं तिकडे जाता कामा नये."

कारागीर हसला. "बाई, बॅग शिवू का तुरुंग?"

"शिस्त शिवा," बाई म्हणाल्या.

आणि त्याने शिवली. शाळेच्या कप्प्यात किल्ल्या, शिट्टी, लाल पेन आणि एखाद्या मुलाचं तुटलेलं बटण लावायला सुईदोरा. घरच्या कप्प्यात सासूबाईंच्या गोळ्या, भाजीची पिशवी, लेकीच्या रिबिनी.

बाई आल्या तेव्हा शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या आणि शिक्षकांचा चहा घंटा झाली तरी संपत नव्हता. बाई कुणावर ओरडल्या नाहीत. रोज सकाळी फाटकात उभ्या राहू लागल्या, एवढंच. वर्ग चालू असताना शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या, आणि काही चुकलं तर त्या शिक्षकाला नंतर एकट्याला सांगायच्या, मुलांसमोर कधी नाही. एकदा एका सरांनी एका मुलाला तासभर उभं केलं होतं. बाई त्यांना म्हणाल्या, "सर, पोराला उभं करून गणित डोक्यात शिरत नाही. कुठं अडलं ते विचारा." कुणीही मूल त्यांच्या खोलीत यायचं. बाई समोरचे कागद बाजूला सारायच्या आणि म्हणायच्या, "बोल राजा, ऐकतेय मी."

मी खिडकीशेजारच्या खुंटीला लटकून हे बघायची. अभिमानाने माझे बंद ताठ व्हायचे.

बाईंची लेकही त्याच शाळेत आली. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर बाईंनी तिची कॉलर नीट केली आणि सांगितलं, "आत मी तुझी आई नाही. बाई म्हणायचं. काही अडलं तर वर्गशिक्षकांना सांगायचं. माझ्या खोलीत यायचं नाही. लोक म्हणतील, बाईंची पोर म्हणून लाड चाललेत."

"आणि घरी?"

"घरी शाळा काढायची नाही. घरी मी दमलेली असते गं."

लेक लहान होती. तिने मान डोलावली. मग तिने सांगायचं कुठे, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. वडील परगावी नोकरीला, घरी पाहुण्यासारखे यायचे. आजीला ऐकू कमी यायचं. बोलायला मात्र ती कुणाला हार जात नसे.

पुढे गणिताचे नवे सर आले. हुशार, निकाल चोख. आपण मुख्याध्यापिकेलाही भीत नाही, हे त्यांना सगळ्यांना दाखवायचं होतं. लेकीचं एखादं उत्तर चुकलं की ते म्हणायचे, "उठा बाईसाहेब!" वर्ग हसायचा. मुलं तिला मैदानातही बाईसाहेब म्हणू लागली. गणिताचा तास असेल त्या दिवशी सकाळी ती ताटातली पोळी तशीच सोडून उठायची.

संध्याकाळी बाई मटार सोलायला बसल्या की ती शेजारी येऊन बसायची.

"आई, आमचे गणिताचे सर ना..."

"शाळा कुठं असते?"

"शाळेत."

"मग?"

ती चार दाणे तोंडात टाकायची आणि उठून जायची. आजी कोपऱ्यातून म्हणायची, "जगाच्या पोरांना आई, आणि पोटच्या पोरीला हेडमास्तर!"

"तुम्हाला नाही कळायचं ते, आई."

"मला ऐकू येत नाही गं. दिसतं सगळं." आणि मग कुणाला उद्देशून नाही अशा थाटात गुणगुणायची:

*झाड वाटेवरी उभं, देई सावली जगाला,*
*बाई, मुळाशी गं त्याच्या ओल नाही रोपट्याला.*

मित्रांनो, एका दुपारी मधल्या सुट्टीत गणिताचे सर बाईंच्या खोलीत आले. बाईंची पाठ दाराकडे होती, सरही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"एक सांगू का बाई? तुमची मुलगी म्हणून मी तिला जराही सोडत नाही. उलट सगळ्यांआधी तिलाच उभी करतो. काल तास संपेपर्यंत उभी होती. बाकीची पोरं आपोआप वचकून राहतात."

बाईंचं पेन थांबलं. मी बघितलं ना, थांबलं. मला वाटलं, आता सांगतील. मागे त्या तासभर उभं करणाऱ्या सरांना सांगितलं तसं सांगतील. पण पेन पुन्हा चालू लागलं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तसंच हवं."

दारात लेक उभी होती. त्या दिवशी ती नियम मोडून आली होती. एक हात चौकटीवर, ओठ बोलायच्या बेतात. ती फक्त मला दिसली, आणि मला जीभ नाही. तिने हात काढला आणि गेली. पावलांचा आवाजसुद्धा केला नाही तिने.

त्यानंतर मटार सोलताना ती कधी शेजारी बसली नाही. गणित गेलं, मग बाकीचे विषय गेले. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाई, मीठ हवंय." बाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या. ताटावर दुसरं कुणी हसलं नाही.

शाळा संपताच ती मावशीकडे शिकायला गेली, ती तिकडचीच झाली. फोन यायचा. जेवलीस? हो. तब्येत? बरी. संपलं.

इकडे शाळेला मजला चढला. बाईंचा मोठा सत्कार झाला. मी मंचावर त्यांच्या पायाशी होते. एक वक्ते म्हणाले, "बाईंनी पोटच्या मुलीलाही कधी वेगळी वागणूक दिली नाही!" केवढ्या टाळ्या! टाळ्यांना काय, त्या कशालाही पडतात.

मग बाई निवृत्त झाल्या आणि मी या फळीवर आले. आजी गेली. घर इतकं शांत झालं की बाईंना जुनी बोलणी ऐकू येऊ लागली असावीत. मागच्या महिन्यात लेक दोन दिवस आली होती. ती निघायच्या तयारीत कपड्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"तू लहानपणी काहीतरी सांगायला यायचीस. गणिताच्या सरांचं. काय होतं गं ते?"

"जाऊ दे ना आई."

"नाही, सांग. आता मला वेळच वेळ आहे."

लेकीने एक घडी मोडून पुन्हा घातली. "तुला आहे गं," ती म्हणाली. "मला आता सांगायचं नाहीये."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. अगदी साधं म्हणाली, दूध नको म्हणावं तसं.

ती गेल्यावर बाईंनी मला बाहेर काढलं आणि फडक्याने तेल चोळायला बसल्या. चामडं मऊ असतं तोवर तेल पितं, मित्रांनो. एकदा तडकलं की तेल वरच राहतं. बाई बराच वेळ चोळत होत्या. त्यांचे हात चिकट झाले, मी होते तशीच राहिले.

मोठ्यांना मी काय सांगणार? बॅगेचं कोण ऐकतं! पण मुलांनो, तुमचं एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा. गप्प बसू नका. आणि उद्या तुमच्यातलं कुणी सर होईल, कुणी बाई, कुणी नुसतीच आई. तेव्हा लेकरू सांगायला येईल त्याच घडीला ऐका. नंतर विचाराल तेव्हा ते मोठं झालेलं असेल, आणि चांगल्या वळणाचं. "जाऊ दे ना," म्हणेल.