पट्टीवरची चकाकी

मी एक जुनी पिनबॉलची मशीन आहे, मित्रांनो, आणि जुनी असल्याचा मला काडीचाही संकोच नाही. माझ्यानंतर जन्मलेले कितीतरी खेळ भंगारात गेले. मी मात्र अजून एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, चार पायांवर ताठ उभी आहे.

ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. माझं पोट म्हणजे काचेखालची एक उतरती, रंगीत फळी. तिच्यावरून पोलादाची गोळी घरंगळत खाली येते. खाली दोन आखूड हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणं दाबली की ते गोळीला टोला देऊन परत वर पिटाळतात. गोळी दोन हातांच्या मधून निसटली की गेली. खेळ एवढाच, पण भल्याभल्यांना घाम फोडतो.

आता माझे दागिने. काचेच्या दोन्ही कडांना स्टीलच्या लांब पट्ट्या, समोर एक रुंद पट्टी आणि खाली चार लोखंडी पाय. समोरच्या पट्टीवर खेळणाऱ्याचे तळवे टेकतात. ही पट्टी नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं.

कारखान्यात एका बाईने माझ्या तारा जोडल्या आणि एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्या पट्ट्या घासल्या. त्याने त्यांच्यावर बारीक, सरळ रेघांचं पॉलिश केलं. ते उजळ दिसे, पण लखलखत नसे. शेजारच्या काही मशीनींना आरशासारखं पॉलिश चढत होतं आणि मी मनात म्हणत होते, याला काही जमत नाही बहुतेक. मी तरुण होते, अक्कल बेताचीच होती.

मग मी एका मोठ्या खेळघरात उभी राहिले. तिथली माझी वर्षं भरभराटीची. माझ्यापाशी रांग लागायची. लोक मला शाबासकी देत, गोळी गेली की शिव्याही देत, आणि रागाच्या भरात एखादा लाथही घाली. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. जो हरतो तोच लाथ घालतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण खेळघर बंद झालं आणि मला मोडक्या खुर्च्यांमागे ढकलून दिलं. पायांना गंज चढला, पट्ट्यांवर धूळ आणि तेलाचा थर बसला. अंधारात पडून राहण्याचं दुःख मोठं असतं, मित्रांनो. शिव्या खाल्लेल्या परवडल्या, पण कोणी विचारतच नाही, हे सोसत नाही.

तिथून मला उचललं ते एका न्हाव्याने.

त्याचं चौकात केशकर्तनालय आहे. तीन खुर्च्या, चोहीकडे आरसे, आणि त्याचा एकच नियम: गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. मागून किती, बाजूने किती, कल्ले ठेवायचे की काढायचे, सगळं विचारून मगच हात चालणार. माणसाला चमकण्याची भारी हौस. बूट चमकते, दाढी गुळगुळीत, भांग रेघेसारखा. लहानपणापासून आरशासमोरून हलत नसे म्हणून त्याची मावशी त्याला 'आरसेमहाल' म्हणते. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा.

त्याची बायको वीजतंत्री. तिने माझं पोट उघडलं, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या आणि मला पुन्हा बोलतं केलं. तेव्हाच घरात वाटणी झाली: माझं आतलं तिचं, बाहेरचं त्याचं.

आणि खेळ मावशीचा. ही त्याची सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. सारी नोकरी तिने टेलिफोनच्या बोर्डावर काढली, एका हाताने तार जोडायची आणि दुसऱ्या हाताने तोडायची. माझ्या बटणांवर तिची बोटं पडली आणि मी ओळखलं, ही मला दमवणार. ती घाई करत नसे. गोळीला अंगावर येऊ देई, अगदी शेवटच्या क्षणी टोला देई आणि वर तिला दम भरी, "जातेस कुठे? मी सांगितलं का जायला?" जेवण झालं की पदर खोचून ती माझ्यापुढे उभी. घरात तिला कोणी हरवू शकत नव्हतं. मलाही तिच्याखेरीज कोणाचे हात गोड लागत नव्हते, ते मी आज उघड सांगते.

एकदा मावशी आपल्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेली. न्हाव्याने ठरवलं, ती परत यायच्या आत मला नवी करायची. बायको म्हणाली, "तिला विचारलंस का?"

"विचारून केलं तर गंमत काय राहिली?" तो म्हणाला.

बायकोने माझ्या पट्ट्या आणि पाय सोडवून दिले, पण पट्टीला जोडलेली अर्थिंगची तार हातात धरून त्याला दोनदा बजावलं, "बाहेर काय नटवायचंय ते नटव. परत बसवताना ही तार मीच लावणार." मग दागिने गोणपाटात गुंडाळून तो पॉलिशवाल्याकडे गेला. पॉलिशवाल्याने फळीवर नमुने मांडले. काळा रंग, पितळी छटा, रेघांचं पॉलिश, आरशाचं पॉलिश. तो काळ्याकडे बघत थोडा घुटमळला, पितळी नमुना खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि शेवटी, अर्थातच, आरशावर बोट ठेवलं. पायांनाही नवा मुलामा.

मी परत उभी राहिले तेव्हा, खरं सांगते, माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. शेजारीपाजारी बघायला आले. एका बाईंनी माझ्या पट्टीत बघून टिकली सारखी केली. कारागिरा, बघ म्हटलं, याला म्हणतात पॉलिश!

मावशी आली. दारातच थबकली. "अगं बाई! ही तर नवरीच झाली की!"

"तुझ्यासाठी केलंय, मावशी," न्हावी म्हणाला. त्याचा चेहरा माझ्या पट्टीपेक्षा उजळला होता.

ती पदर खोचून पुढे आली. तळवे टेकले, गोळी सोडली. आणि गोळी गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी तिने एक हात उचलून कपाळावर धरला, तेवढ्यात तीही गेली. एका हाताने पिनबॉल होत नाही. ती हसून म्हणाली, "प्रवासाने दमले रे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, भूक लागली आहे. मग म्हणाली, कंटाळा आला आता या खेळाचा. पुढे पुढे ती माझ्यासमोरून मान खाली घालून जायला लागली.

माझं कौतुक चालूच होतं. येईल तो माझ्यात तोंड बघून जाई, पण बटण कोणी दाबत नसे. वाहवा पोटभर मिळाली आणि खेळ उपाशी राहिला. मी रडकुंडीला आले होते.

मग एका सकाळी चहा पिताना मावशी म्हणाली, "मी म्हणते, आता धाकटीकडेच जाऊन राहावं. तीही एकटी आहे."

न्हाव्याच्या हातातली बशी कलंडली. "आमचं काही चुकलं का?"

"छे रे! तुमचं काय चुकणार?"

त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. दोघांना काही सुधरेना. मला कारण ठाऊक होतं, पण मला तोंड कुठलं? आईसारखी मावशी घरातून चालली होती आणि का, ते त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं.

तिची पेटी भरून झाली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात कोणी नव्हतं. मावशी माझ्याजवळ आली. तिने न्हाव्याच्या दुकानातला काळा टॉवेल आणला आणि माझ्या समोरच्या पट्टीवर पसरला. बाजूच्या पट्ट्यांवर उशांचे अभ्रे टाकले आणि ते सरकू नयेत म्हणून त्याचेच केस धरायचे चिमटे लावले. मग गोळी सोडली. काय खेळली, मित्रांनो! माझे दिवे थकले, घंट्या थकल्या, पण ती थकेना. "कुठे निघालीस? चल मागे! अस्सं!"

न्हावी विसरलेली कात्री घ्यायला आला होता. तो दारात केव्हापासून उभा होता ते तिला कळलंच नाही. गोळी शेवटी गेली तेव्हा तो म्हणाला, "हे काय मावशी?"

तिने चटकन टॉवेल ओढला. "काही नाही. हिला थंडी वाजत होती."

"मावशी."

ती खुर्चीत बसली. "अरे, तू एवढ्या हौसेने केलंस. दिसते राणीसारखी. पण ती खिडकी या पट्टीवर उतरते आणि माझ्या डोळ्यांत घुसते. गोळी कुठली आणि चकाकी कुठली, समजत नाही. मोतीबिंदू झालाय बहुतेक."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू हिरमुसला असतास. वर मला डॉक्टरकडे नेलं असतंस. डोळ्याला सुरी लावतात रे, मला भीती वाटते. आणि समोर ही उभी असताना हात लावायचा नाही, ते मला सोसत नाही. म्हणून म्हटलं, जावं."

न्हावी माझ्या पट्टीत दिसणाऱ्या आपल्याच तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अनोळखी माणसाच्या कानावरचा एक केस कापताना मी दहादा विचारतो. आणि तुझ्याच खेळाला हात घालताना तुलाच विचारलं नाही." त्याचे डोळे भरून आले. मावशीचेही आले. मला डोळे नाहीत, हे त्या दिवशी बरंच झालं.

मग दोघांत करार झाला. त्याने पट्ट्या घासायच्या, तिने डोळे दाखवायचे. पेटी रिकामी झाली.

पट्ट्या त्याने स्वतःच्या हाताने घासल्या. आधी खरखरीत घासणी घेऊन गोल गोल फिरवायला लागला, तर मावशी ओरडली, "अरे आरसेमहाल, चंपी करतोस का तिची? ओघ बघ!" तो चपापला आणि हसला. वस्तरा केसांच्या ओघाने चालतो, हे त्याला कोणी शिकवायला हवं होतं का? मग त्याने घासणी एका टोकाला टेकवली, सरळ दुसऱ्या टोकापर्यंत नेली, उचलली, पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू चकाकी विझत गेली आणि बारीक सरळ रेघा उमटल्या, जुन्या होत्या तशाच. तेव्हा मला कारखान्यातला तो चष्मेवाला आठवला. त्याला सगळं जमत होतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार त्याने माझ्या आधी केला होता.

डोळ्याची शस्त्रक्रियाही झाली. मावशीला आता भिंतीवरची मुंगी दिसते आणि न्हाव्याच्या भांगातला पहिला पांढरा केसही तिनेच शोधला.

मित्रांनो, वस्तू पुसा, तेलपाणी करा, अंधारात टाकून देऊ नका, हे मी सांगणारच. जुन्या मशीनने ते सांगायचंच असतं. पण त्याहून मोठी निगा म्हणजे विचारणं. कोणाचं भलं करायला निघालात तर आधी त्याच्यापाशी दोन मिनिटं बसा.

परवाचीच गोष्ट. न्हावी पॉलिशची डबी घेऊन आला. मावशी खेळत होती. "मावशी, आता तुझे डोळे लख्ख झालेत," तो म्हणाला. "पट्टी परत चमकवू का?"

मावशीने गोळीवरची नजर काढली नाही. "मला काय विचारतोस? तिला विचार."

तो हसला नाही. त्याने डबी खाली ठेवली, माझ्याजवळ आला आणि तळवा रेघांवर ठेवून म्हणाला, "काय गं, तुझं काय म्हणणं आहे?"

एवढ्या वर्षांत मला कोणी कधीच विचारलं नव्हतं. मावशीने तेवढ्यात जोरात टोला दिला, गोळी थेट वरच्या घंटेवर आदळली आणि मी जीव तोडून वाजले, नको, नको! त्याने डबी उचलली आणि फडताळात ठेवून दिली.