विनवणीचा जिना

लुडीचं घर उंच लाकडी खांबांवर होतं आणि साबेलबाईंचा उजवा गुडघा भातलावणीपासून सुजलेला. त्यांचा मुलगा डेल्फिन आईचा दंड धरून जिन्याखाली उभा होता. वर दारात लुडीचे आजोबा पोन्सियानो खुर्ची टाकून बसले होते. आईबाप गेल्यावर लुडीला त्यांनीच वाढवलं. ते हो म्हणाले तरच तिचं आणि डेल्फिनचं लग्न होणार होतं.

"आई, इथूनच विचार ना. ऐकू येतं त्यांना."

"मासे विकायला आलेय का मी, खालून ओरडायला? मुलीच्या घरी मागणी घालायला येणं म्हणजे पामान्हिक. त्या शब्दाचा अर्थ काय रे?"

"नम्र विनवणी."

"आणि पान्हिक म्हणजे?"

"जिना चढून घरात जाणं."

"त्यातूनच आलाय ना तो शब्द? मग न चढता विनवणी कशी होईल?"

डेल्फिन प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचा. शब्दांना मूळ असतं हे त्याला मान्य होतं. त्या मुळापायी गुडघा दुखवून घ्यायचा, हे मात्र पटेना.

साबेलबाईंनी जिन्याशेजारच्या रांजणातलं पाणी करवंटीने घेऊन पाय धुतले, पाठ फिरवून पहिल्या पायरीवर बसकण मारली आणि हातांवर जोर देत एकेक पायरी मागे सरकू लागल्या. भेट म्हणून आणलेलं गूळ घातलेल्या चिकट भाताचं ताट घेऊन डेल्फिन समोरून चढत होता. अर्ध्या जिन्यात त्यांना धाप लागली.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. म्हातारा उठून आत चालला, असं वाटून डेल्फिन ताटासकट जागीच थांबला. मग जिना करकरला.

"सरक जरा, साबेल." पोन्सियानो कठड्याला धरून साबेलबाईंच्या बाजूने उतरले आणि एक पायरी खाली बसले.

"अहो काका, तुम्ही कुठे खाली? मला वर यायचंय."

"आलीस की. तू वर, मी खाली. म्हणजे आता विनवणी माझी. आमच्या पोरीला घरात घे. भात करपवते, आधीच सांगून ठेवतो."

"आजोबा, कधीतरीच करपतो," दारातून लुडी म्हणाली.

साबेलबाईंना हसूही आलं आणि डोळेही भरले. मान द्यायला मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला लावायचा तर वाकावं लागतं. इथे तर मोठा माणूसच खाली बसलेला. त्या गुडघ्याकडे दुर्लक्ष करून पार ओणव्या झाल्या आणि म्हाताऱ्याचा खरबरीत हात त्यांनी कपाळाला लावला. बराच वेळ सोडला नाही.