गणूशेठची करमणूक

तुळसाने रिमोटमधले सेल काढले, पदराच्या टोकाला बांधून कमरेला खोचले आणि रिमोट होता तसा उशीजवळ ठेवून दिला. संडासाकडून वॉकरची टकटक परत येऊ लागली होती. ती घाईघाईने पंख्याखाली जाऊन मेथी निवडायला बसली.

गणूशेठ पलंगाच्या कडेला टेकले. त्यांनी रिमोट उचलून बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग तो तळहातावर आपटला.

"सेल कालच घातलं ना नवं?"

"चायनाचं असतील."

"धनेशला बोलव."

"तो साईटवर गेलाय. आन् आज रविवार, दुकानं बंद."

"मानपाड्याला रविवारी दुकानं बंद असतात, हे मना आज कललं," गणूशेठ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

रविवार होता म्हणूनच तर सेल तिच्या कमरेला होते. रविवारी कुठे ना कुठे बैलगाड्यांची शर्यत असायचीच, आणि हल्ली ती घरबसल्या टीव्हीवर थेट दिसायची. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, सगळं माईकवरून घसा फोडून सांगत. वजीर आता कुणाचा आहे हे गणूशेठना माईकवरून कळावं, अशी तुळसाची इच्छा नव्हती. खरं तर कुठूनच कळावं अशी नव्हती.

वजीर त्यांचा शर्यतीचा बैल. सरावाला नेला असताना गणूशेठनी कासरा हाताला गुंडाळला, वजीर उधळला आणि मालकाला मैदानभर फरपटत घेऊन गेला. सत्तरी गाठलेल्या माणसाने हाताला कासरा गुंडाळू नये हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही, पण गणूशेठना सांगणार कोण? उजवा खुबा मोडला. डॉक्टरांनी तो काढून नवा सांधा बसवला आणि तीनेक महिने घर सोडायचं नाही, खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही असं बजावलं. ते अजून इस्पितळात होते तेव्हाच तुळसाने मुलाला, धनेशला, बाहेरच्या बाकड्यावर बसवून सांगितलं होतं, "तो बैल नायतर मी. घरात एकच रव्हनार." धनेशने तिचं तोंड पाहिलं आणि वाद घातला नाही. वजीर पनवेलकडच्या एका शेठकडे गेला. टेम्पो आला तेव्हा तुळसा मोरीत नळ सोडून उभी राहिली होती, वजीरचं हंबरणं कानावर पडू नये म्हणून. वाईट वाटलंच. स्वतःच्या हाताने चारलेलं जनावर होतं. पण विधवा होण्यापेक्षा हे बरं असं तिचं मत होतं आणि ते तसूभरही बदललं नव्हतं.

अडचण पुढे आली. व्यायाम करून घ्यायला येणारी वल्लरी नावाची मुलगी पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला आली. गणूशेठ पाय उचलायलाच तयार नव्हते. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "काका, तुम्हाला खाली गोठ्यात जायचंय ना? मग उचला." आणि गणूशेठनी दात-ओठ खाऊन पाय उचलला. त्या दिवसापासून तीच मात्रा लागू पडली. ज्या बैलाने मोडलं, त्याच्याच नावाने माणूस चालायला शिकत होता. आता त्यांना खरं सांगायचं कोणत्या तोंडाने? आणि नाही सांगायचं तर चालायला लागल्यावर ते आधी जाणार कुठे? गोठ्यात. ते एक पाऊल जास्त टाकत तेव्हा वल्लरी टाळ्या वाजवायची आणि तुळसा गोठ्यापर्यंत किती पायऱ्या उरल्या ते मोजायची.

इमारत त्यांचीच होती, बापजाद्यांच्या शेतावर उभी केलेली. बांधताना गणूशेठनी, "आपल्याला काय म्हातारपन येनार हाय का?" असं म्हणून लिफ्टची जागा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला भाड्याने देऊन टाकली होती. त्यामुळे गणूशेठ तिसऱ्या मजल्यावर आणि गोठा इमारतीच्या मागे, घरातल्या एकाही खिडकीतून न दिसणारा. तुळसाने आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानदाराला मनातल्या मनात दुवा दिला.

मग सुरू झाली करमणूक. त्यांना शर्यतीची आठवण होऊ नये म्हणून घरातला जो तो त्यांना रमवायच्या मागे लागला. मालिका लावली तर गणूशेठ त्यातल्या सासूची बाजू घेऊन भांडायचे आणि रक्तदाब वाढवून घ्यायचे. धनेशने टॅब आणला, पण त्यात कृतिकाने, म्हणजे त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने, बैल दिसणार नाहीत अशी काहीतरी सोय करून ठेवली होती. तिच्यामुळे बैलपोळ्याची पुरणपोळीसुद्धा दिसेना. कृतिकानेच हजार तुकड्यांचं चित्र जुळवायचा खेळ मागवला. बर्फाचे डोंगर आणि वर आकाश. गणूशेठनी आकाशाचे तुकडे हातात घेऊन पाहिले, "सगलं सारखंच" म्हणून टाकून दिले, आणि तेव्हापासून चादर झटकली की तुळसाच्या पायाशी आकाश पडायचं. उरला ल्युडो. गणूशेठ हरले की फासा लबाड असायचा, आणि जिंकले की पुन्हा डाव मांडायचा असायचा. घरची कामं, भेटायला येणाऱ्यांचा चहा, औषधं आणि वर हा डाव. तुळसाच्या नाकी नऊ आले होते. संसारात पंचेचाळीस वर्षं नवरा घरात सापडत नव्हता, गोठ्यात नाहीतर मैदानात. आता सापडला होता तर सुटत नव्हता.

सगळ्यात छळलं ते खुराकाने. शर्यतीच्या बैलाला रोज अंडी आणि दूध लागतं. बैल गेला तरी खुराक चालूच ठेवावा लागला, कारण गणूशेठ रोज सकाळी स्वतः अंडी मोजून बादलीत ठेवायला लावत. कृतिका बादली घेऊन खाली जायची, जिन्यात मोबाईल बघत थोडा वेळ काढायची आणि तीच बादली ओढणीखाली लपवून परत आणायची. मग ती अंडी घरच्यांनी खायची. भुर्जी, पोळा, कालवण, पुन्हा भुर्जी.

"आजी, प्लीज," कृतिका एकदा नाक दाबून म्हणाली, "अंड्याचा नुसता वास आला ना तरी मळमळतं मला. सांगून टाकू या ना त्यांना."

"सांग तू. मी जाते म्हायेरी."

"मी नाही हां सांगणार."

"मंग खा गप."

सुरुवातीला ते रोज वजीरचा व्हिडिओही मागायचे. धनेशच्या मोबाईलमध्ये जुने ढिगाने होते, त्यातलाच एक तो आजचा म्हणून दाखवायचा. एकदा मागे आकाशकंदील लटकत होता.

"चैत्रात कंदील?" गणूशेठनी विचारलं.

"काढायचा राहिलाय, बाबा. वेळच नाय मिलत."

गणूशेठनी मोबाईल परत दिला. पुढे त्यांनी व्हिडिओ मागायचं सोडलं, तेव्हा तुळसाने देवापुढे साखर ठेवली.

भेटायला येणाऱ्यांची वेगळीच कटकट. माणूस आजारी पडला की गोतावळ्याने टेम्पो भरून यायचं ही त्यांच्याकडची रीत. शहाळी घेऊन आलेल्या प्रत्येकाला तुळसा जिन्यातच गाठायची आणि पढवायची, वजीरचं नाव काढायचं नाही, विचारलंच तर मस्त आहे म्हणायचं. बाकीच्यांनी ऐकलं. पण मोहने गावात दिलेली कलावती, गणूशेठची धाकटी बहीण, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिला तुळसाने जिन्यात पढवलं, दारात पढवलं, पाणी देताना डोळ्यांनी पुन्हा पढवलं. थोडा वेळ तिने स्वतःच्या गुडघेदुखीच्या गप्पांत काढला. मग चहाचा घोट घेऊन तिने मांडीवर थाप मारली.

"दादा, काय धावला रे परवाच्याला! पनवेलच्या त्या शेठनी तर..."

तुळसाच्या हातातून बशी निसटली. फुटली नाही, पण घरभर गोल फिरून आली. कलावतीने जीभ चावली.

गणूशेठ पलंगावर चहा फुंकत होते. "कलाबाय," ते म्हणाले, "तुझा जावई कंच्या कंपनीत लागला बोललीस?"

जावयाचा विषय निघाला तशी कलावती तासभर दुसरं काही बोललीच नाही. तुळसाने बशी उचलली. म्हातारपणी माणसाचे कान जातात हे काही अगदीच वाईट नाही, असं तिला त्या दिवशी वाटलं.

आणि मग तो दिवस आलाच. वल्लरी हसत हसत म्हणाली, "काका, आता काठीवर जिना. सावकाश उतरायचं, पण घरच्यांना बरोबर घेऊन. उद्या गोठ्यात जाऊन या आणि मला फोटो पाठवा."

धनेश सकाळी चहा न पिताच साईटवर पसार झाला. बापाला तोंड द्यायची वेळ आली की त्याची साईट नेहमीच अडायची. तुळसाने ठरवलं, आपणच सांगायचं. बैल विकायला आपण लावलं, सांगायचं कामही आपलंच. घरात सांगितलं तर ते रागाने वॉकर फेकतील. खाली गेल्यावर कळलं तर तिथेच बसकण मारतील आणि नवा सांधा निखळेल. तेव्हा जिन्यात, कठडा हाताशी असताना सांगायचं. एवढा विचार तिने धनेशचं लग्न ठरवतानाही केला नव्हता.

गणूशेठनी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. कृतिका पुढे, मध्ये ते, मागे तुळसा. पायरीवर आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला, असं ते वल्लरीने शिकवल्याप्रमाणे बिनचूक उतरत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या दारातली चपलांची रास बघून त्यांनी त्याला दोन शब्द सुनावलेही. तुळसा मागून पायरीगणिक सांगायचं वाक्य मनात जुळवत होती.

त्याच्या खाली जिना वळायचा. वळणावर जाळीची खिडकी होती आणि तिच्यातून मागचा गोठा समोरच दिसायचा. पत्रा, गव्हाण, खुंटा, सगळं.

"ऐकलंत काय?" तुळसाने मागून सदऱ्याला हात लावला. "मना काय सांगायचंय तुमाला."

गणूशेठ थांबले. वळणाला एक पायरी बाकी होती. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर खिडकी समोर आली असती. ते तिथेच भिंतीला टेकले आणि खाली वाकून मांडी चोळू लागले.

"पाय दुखाय लागला," ते म्हणाले. "परत चल."

"आजोबा, आलोच ना आपण," कृतिका खालून म्हणाली. "आता फक्त..."

"आज नको."

तुळसा त्यांच्या हाताकडे बघत राहिली. ते डावी मांडी चोळत होते. ऑपरेशन उजव्या पायाचं होतं. त्या पायाला तिने इतके दिवस तेल लावलं होतं. झोपेत विचारलं असतं तरी तिची चूक झाली नसती.

ते वळले आणि वर निघाले. उतरण्यापेक्षा चढणं अवघड जाईल असं वल्लरीने बजावलं होतं, पण गणूशेठनी काठी कोपराला अडकवून टाकली होती आणि कठड्याला फक्त बोटं लावत ते भराभर चढत होते. तुळसालाच धाप लागली.

घरात येऊन ते उंच खुर्चीवर बसले. तिने पाण्याचा पेला दिला. कृतिका काही न कळून दारात घुटमळत होती, तिला तुळसाने मानेनेच आत जायला सांगितलं. गणूशेठ सावकाश पाणी प्यायले आणि त्यांनी मिशा पुसल्या.

"धनेशची गाडी दिसभर उन्हात तापते," ते म्हणाले. "गोठ्यात लावाय सांग त्याला. रिकामी जागा कशाला पडून ऱ्हायला पायजे?"

तुळसा उभीच राहिली. इतक्या दिवसांची जागरणं, जिन्यातल्या शिकवण्या, फोन वाजला की धावत जाऊन आधी उचलणं, सगळं तिला एकदम आठवलं. तिला इतका संताप आला की काठी घेऊन त्यांच्या दुसऱ्या खुब्यावर घालावीशी वाटली.

"कवापासून म्हायती हाय?"

"झालं बरंच दिस."

"आन् मना नाचवत बसलात? एक शब्द बोलता नाय आला?"

"काय बोलनार?" गणूशेठ रिकाम्या पेल्यात बघत म्हणाले. "दवाखान्यात डोलं उघडलं तवा तुझं तोंड बगितलं मी. त्याच्यानंतर मी कंच्या तोंडानी बैल मागू?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. गणूशेठनी पेला खाली ठेवला आणि काहीतरी करायचं म्हणून पुन्हा डावी मांडी चोळायला घेतली.

"तो नाय," तुळसा म्हणाली. तिचा आवाज नीट निघाला नाही म्हणून ती जरा ओरडलीच. "दुखायचाच असंल तर उजवा दुखवा."