नऊ जणींतली थोरली

समरकंदच्या टेकडीवरची वेधशाळा संध्याकाळी सहाला बंद होते, हे सापरगुलने ड्रायव्हर झोकिरला सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं. चौथ्या वेळी तो म्हणाला, "आपा, मला पाठ झालंय. आता हे त्यांना सांगा." आणि त्याने अंगठ्याने मागे खूण केली.

मागे, बसच्या मधल्या वाटेत, आठ बायका नाचत होत्या.

परवा किझिलकुमचं वाळवंट ओलांडताना त्या नाचल्या, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. खीव्याहून बुखाऱ्याला आठ तास, दोन्ही अंगांना वाळू आणि खुरटी झुडपं. माणसाने करायचं तरी काय? पण आता सकाळचे साडेनऊ वाजले होते, बुखारा मागे पडून अर्धा तासही झाला नव्हता, आणि साठी उलटलेल्या या बायका खीव्याकडच्या लाझगी नाचाचा ताल धरून अशा खांदे उडवत होत्या, की बस रस्त्यावरून नव्हे, तालावरून चालली आहे असं वाटावं.

सापरगुल धरून या नऊ जणी तेवीस वर्षं खीव्यात दर महिन्याला आळीपाळीने एकमेकींच्या घरी चहाला जमत होत्या. यंदाच्या सप्टेंबरात अनाबीबीने फर्मान काढलं, की या महिन्याचा चहा बुखारा-समरकंदला प्यायचा. अनाबीबीचं फर्मान मोडायची सोय नव्हती. ती मंडळातली थोरली. कुठे थांबायचं, किती थांबायचं, कधी उठायचं, सगळं ती ठरवणार.

तिने ठरवल्याप्रमाणे त्या कालच समरकंदला पोचायच्या होत्या. पण बुखाऱ्यात तळ्याकाठच्या तुतीखाली एक अकॉर्डियनवाला भेटला. तो वाजवायचा थांबेना आणि या थांबू देईनात, त्यात कालचा दिवस गेला. उद्या सकाळी सहाला परत निघायचं, कारण परवा संध्याकाळी अनाबीबीच्या नातवाला पाळण्यात घालायचं होतं. म्हणजे वेधशाळा आज सहाच्या आत, नाहीतर नाहीच.

बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. सापरगुलला वाटत होतं. तिने अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि दर वसंतात फळ्यावर एकच मोठी आकृती काढली: या वेधशाळेतला, टेकडीच्या पोटात खणलेला, चाळीस मीटर त्रिज्येचा दगडी कंस. सहाशे वर्षांपूर्वी, दुर्बीण नसताना, या कंसावर समरकंदचा ज्योतिर्विद राजा उलुघबेग याच्या माणसांनी वर्षाची लांबी मोजली, आणि चूक निघाली एका मिनिटाच्या आतली. "बाई, तुम्ही पाहिलाय तो?" कोणी ना कोणी विचारायचंच. पहिली काही वर्षं ती म्हणाली, पुढच्या वर्षी जाणार आहे. मग कापसाचा हंगाम, परीक्षा, सासूचं दुखणं, मुलांची लग्नं. नंतर नंतर ती म्हणायला लागली, "पुढचं गणित घ्या."

"फक्त चहा," करमाना गाव आलं तेव्हा अनाबीबी म्हणाली. "माझ्या भाचीची सासू आहे. दारावरून गेलो आणि शिरलो नाही, तर भाचीला जन्मभर ऐकावं लागेल."

"किती वेळ?" सापरगुलने विचारलं.

"चहाला लागतो तेवढा."

यातून कुठलीच संख्या निघत नाही, हे सापरगुलच्या लक्षात यायला हवं होतं. घरात शिरताना अकरा वाजले होते. आधी नान आणि साय, मग द्राक्षं, मग समोसे, मग करमानाचं खरबूज चांगलं की खीव्याचं यावर वाद, मग पुरावा म्हणून दोन्ही खरबुजं. पुलाव आला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुलाव आल्यावर उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. सापरगुल मुकाट्याने जेवली. पुलाव उत्तम होता, आणि त्याचाच तिला राग आला.

ती मनात हिशेब करत होती. समरकंद एकशे साठ किलोमीटर. कट्टाकुर्गानच्या पुढे रस्ता उखडलेला. झोकिर भरवशाचा, पण बस त्याच्याहून वयस्क. तीनला निघालं तर पावणेसहा.

पावणेतीनला शेवटचं ताट उचललं गेलं. आता एकच गोष्ट उरली होती: थोरल्या बाईने हात पसरून दुवा म्हणायची, सगळ्यांनी आमीन म्हणत तोंडावरून हात फिरवायचे, आणि उठायचं. त्याआधी कोणी उठत नाही. लहान मूल उठेल एखादं, तेही मार खाऊन परत बसेल.

भाचीची सासू ओयसुलुव हिने अदबीने छातीवर हात ठेवला. "पाहुण्यांत ज्या थोरल्या असतील, त्यांनी दुवा करावी."

आठ जणींनी अनाबीबीकडे पाहिलं.

अनाबीबीने मागे वळून पाहिलं, जणू तिच्या पाठीमागे आणखी कोणी बसलंय. "माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "मी कुठे थोरली?"

झालं असं होतं, की काल तळ्याकाठी एका फोटोवाल्याने तिला 'ताई' म्हणून हाक मारली होती. आजी नाही, मावशी नाही, ताई. तेव्हापासून अनाबीबीची मान एक बोटभर उंच झाली होती, आणि ती खाली यायला तयार नव्हती.

"अगं, तेवीस वर्षं दुवा तूच करतेस," ओयपार्चा म्हणाली. तिचं वय सहासष्ट, आणि हातातला मोबाईल सतत चालू. ती सगळ्याचा व्हिडिओ काढून घरच्यांना पाठवत असे. आत्ताही काढत होती.

"तुम्ही करायला लावता म्हणून करते. माझा आवाज मोठा आहे म्हणून. वयाचा काय संबंध? माझ्या बापाने शाळेत लवकर घालायला माझं वय दोन वर्षं वाढवून लिहिलंय. खरी मी अडुसष्टची. तूच कर, ओयपार्चा आपा."

"आपा?" ओयपार्चाच्या हातातला मोबाईल हलला. "मला आपा? माझ्या लग्नात तुझी मुलगी फुलं उधळत होती, अनाबीबी आपा."

"माझं लग्न लवकर झालं."

"किती लवकर? पाळण्यात?"

आणि मग ते पेटलं. आठही जणी एकमेकींना आपा म्हणू लागल्या, म्हणजे समोरची मोठी ठरावी. एकीने शपथेवर सांगितलं की तिच्या जन्माचा दाखलाच नाही, त्यामुळे तिला वयही नाही. एकीने दात दाखवले, सगळे स्वतःचे, मोजून घ्या. एक म्हणाली की तिची थोरली बहीण एकोणसत्तरची आहे, तेव्हा ती स्वतः सत्तरची असणं अल्लालाही जमणार नाही.

"बहीण एकोणसत्तरची कधीपासून आहे?" अनाबीबीने विचारलं.

"तीनेक वर्षं झाली."

ओयसुलुव बिचारी खऱ्या संकटात होती. दुवा होत नाही तोवर जेवण संपलेलं नसतं, आणि जेवण संपलं नाही तोवर यजमानाने वाढत राहायचं असतं. तिने डोळ्याने खूण केली. सुनेने चहाची नवी किटली आणली. त्यामागून हलवा. त्यामागून अंगणातून असा आवाज आला, की तंदूर पुन्हा पेटवला जातोय हे सगळ्यांना कळलं.

तीन वाजायला सात मिनिटं होती.

सापरगुल एकटी गप्प होती. तिचं गप्प राहणं कोणाला खटकलं नाही, कारण मंडळात तिचं वय एकोणसत्तर होतं, आणि अनाबीबीच्या अडुसष्टवर कोणाचाच विश्वास नव्हता. हे तिनेच सांगितलं होतं. खरं वय त्र्याहत्तर. अमू नदीने जुनं तुर्तकूल गाव गिळलं, त्याच सुमाराला ती जन्मली. पण तेविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं तेव्हा हमरो वीसचा होता, आणि नवरी तीन वर्षांनी मोठी आहे हे कळलं असतं, तर सासूने अंगणातच पाय रोवले असते. म्हणून सापरगुलने चार वर्षं वजा केली. मग सासूशी, नवऱ्याशी, शेजारणींशी, मंडळाशी बोलताना तिने दर वेळी चारच वजा केली. पन्नास वर्षांत ती वजाबाकी एकदाही चुकली नव्हती. आणि असं असताना ती मुलांना सांगत आली होती, की मोजमापात खोटेपणा करणारा माणूस आकाशाखाली उभा राहायच्या लायकीचा नाही.

तंदुरातून पहिला धूर वर आला.

सापरगुलने गुडघे नीट केले, दोन्ही तळवे छातीसमोर उघडले, आणि वर्गात पट पुकारायच्या आवाजात दुवा सुरू केली. या घरात बरकत राहो, मुलंबाळं सुखी राहोत, वाटसरूंचा रस्ता मोकळा राहो. शेवटच्या वाक्यावर तिने जरा जास्तच जोर दिला.

आठ तोंडं उघडी राहिली, पण हात आपोआप वर गेले होते. चालू झालेल्या दुवेला नाही म्हणता येत नाही. "आमीन," सगळ्या म्हणाल्या, तोंडावरून हात फिरवले, आणि मग अनाबीबी म्हणाली, "थांब. तू का केलीस?"

"थोरली मी आहे."

"तू एकोणसत्तरची आहेस."

"त्र्याहत्तर. डिसेंबरात चौऱ्याहत्तर. आता उठा."

"शक्यच नाही," अनाबीबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग आणि आनंद एकमेकांना ढकलत होते. आनंद जिंकला. "म्हणजे मी... म्हणजे इतकी वर्षं मी तुझ्याहून लहान होते, आणि सगळ्या लग्नांत भिंतीकडे म्हाताऱ्यांत मला बसवलंत? सापरगुल आपा, तुला लाज नाही?"

"आहे. बसमध्ये दाखवते."

"हे सगळं रेकॉर्ड झालंय बरं का," ओयपार्चा मोबाईल खाली करत म्हणाली. "आणि पाठवलंयही."

"कोणाला?"

"सगळ्यांना. हमरो भाऊजीसुद्धा आहेत त्यात."

सापरगुलचं काळीज लक्कन हललं. पण तीनला दोन मिनिटं कमी होती, आणि काळजाचं नंतर बघता येत होतं. नऊ जणी मिळेल तो जोडा पायात घालून पळाल्या. ओयसुलुवच्या सुनेने धावत्या बसच्या खिडकीतून गरम नानांची थप्पी आत फेकली, आणि ती झोकिरच्या मांडीवर पडली.

हमरोचं उत्तर कट्टाकुर्गानच्या खड्ड्यांत आलं. ओयपार्चाने ते मोठ्याने वाचलं, कारण मोबाईल तिच्या हातात होता आणि सभ्यता नव्हती. "तिला सांग, लग्नाच्या नोंदीवर सही करताना तिची जन्मतारीख मी वाचली होती. मला वाचता येतं. आईला येत नव्हतं."

बस इतकी हसली, की झोकिरला वाटलं टायर गेलं. सापरगुलने तोंड रुमालात लपवलं. पन्नास वर्षं तो माणूस दर वाढदिवसाला शांतपणे चार कमी मेणबत्त्या लावत होता. तिचे खांदे हलायला लागले. शेजारणीला वाटलं रडतेय, म्हणून तिने पाठीवरून हात फिरवला. पण सापरगुल हसत होती, पोट धरून, शाळकरी मुलीसारखी, आणि श्वास घ्यायला थांबली की पुन्हा मेणबत्त्या आठवत होत्या.

आता थोरली ती होती, त्यामुळे रस्त्यावरचे तीन मोह तिने चालत्या बसमधूनच निकालात काढले: कुंभाराचं दुकान, डाळिंबं, आणि कोणाचंतरी लग्न. "नाही. नाही. वधूला माझे आशीर्वाद, नाही." अनाबीबी सगळ्यांत आधी मान डोलवायची. धाकटं असण्याची तिला इतक्यातच गोडी लागली होती.

पाच बावन्नला त्या टेकडीवर चढल्या. पहारेकरी कुलूप हातात घेऊन उभा होता. नऊ बायका धापा टाकत येताना पाहून तो बाजूला झाला. शहाणा माणूस होता.

कठड्यापाशी जाऊन सापरगुलने खाली पाहिलं.

टेकडीच्या पोटात दोन दगडी रुळांसारखा तो कंस अंधारातून वर येत होता. अंशाच्या खुणा संगमरवरात कोरलेल्या. तिने फळ्यावर तो नेहमी डावीकडून उजवीकडे काढला होता. इथे तो पायाखालून निघून डोक्यावर जाणारा होता. फळ्यावर हे कधी जमलंच नसतं. एक अंश म्हणजे सत्तर सेंटिमीटर, हे तिला पाठ होतं. पण आता दिसलं, की एक अंश म्हणजे एक पाऊल. आणि त्यातली एक कला, अंशाचा साठावा भाग, तिच्या करंगळीच्या रुंदीएवढी. कोणीतरी सूर्याचा हिशेब बोटांनी ठेवला होता.

"आपा," अनाबीबी हळूच म्हणाली, "बोल ना काहीतरी. आम्हाला काही कळत नाहीये."

"यात ऊन यायचं," सापरगुल म्हणाली. "वरच्या छिद्रातून. दुपारी. सूर्य बरोबर या खाचेच्या रेषेत आला की."

"मग आत्ता?"

"आत्ता संध्याकाळ आहे. आत्ता फक्त दगड आहेत."

पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या. मग अनाबीबी म्हणाली, "कधी निघायचं, ते थोरलीने ठरवायचं असतं. मला तेवीस वर्षांचा अनुभव आहे. उद्या दुपारी इथे आलो, आणि मग निघून रात्री बुखाऱ्यात मुक्काम केला, तर परवा संध्याकाळच्या पाळण्याला मी पोचते का, झोकिर?"

"अकॉर्डियनवाला नसला तर पोचता."

सापरगुलने घड्याळाकडे नाही, आकाशाकडे पाहिलं. समरकंदच्या रेखांशामुळे सूर्य माथ्यावर यायला बारानंतर बत्तीस मिनिटं, आणि सप्टेंबर अखेरीस तो नऊ मिनिटं लवकर येतो, ती वजा. ही वजाबाकी तिने अगदी मोकळेपणाने केली. "बारा वाजून तेवीस मिनिटांनी," ती म्हणाली. "एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही."

दुसऱ्या दिवशी बारा वीसला, कंसावर आता बंद छप्पर होतं म्हणून, तिने सगळ्यांना टेकडीवरच्या मोकळ्या जागेत उत्तर-दक्षिण रांगेत उभं केलं, दीड-दीड पावलाच्या अंतरावर. झोकिरलाही उभं केलं. पहारेकरी कुतूहलाने जवळ आला, तर त्यालाही शेपटीला जोडलं. सावल्या अजून किंचित पश्चिमेकडे कललेल्या होत्या.

"हलू नका. ओयपार्चा, नाचू नकोस."

"नाचत नाहीये, उभी आहे."

"मग असं डुलत उभं राहायचं थांबव थोडं."

सावल्या सरकल्या, दिसणार नाही इतक्या हळू. एकेक सावली मागच्या बाईच्या पायांकडे वळत गेली, आणि बारा तेवीसला पहिल्या बाईपासून पहारेकऱ्यापर्यंत अकरा माणसांची मिळून जमिनीवर एकच काळी सरळ रेघ झाली. सगळ्यांत पुढे उभ्या सापरगुलने मान वळवून ती पाहिली, आणि तिला इतकं हसू आलं की रेघ तिच्या टोकापासून हलायला लागली.