तुटायला नेमलेलं मंगळसूत्र

मी मंगळसूत्र बोलतोय. हात जोडू नका, मी खोटा आहे. कोल्हापुरात गुजरीजवळच्या एका दुकानात पितळेच्या वाट्यांना पिवळं पाणी चढवून मला ओवलं. लग्नं मात्र मी तीन पाहिली, तीही एकाच नवऱ्याशी. पहिल्या दोन टेकला भटजीच हसला.

माझी मालकीण नाजिया मुल्लाणी. तिचे वडील बाबालाल शूटिंगला दिवे लावायचे. अठराव्या वर्षी ती सेटवर आली ती वही घेऊन. कालच्या सीनमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता, बांगड्या किती होत्या, हे टिपायचं काम. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मालिका सांभाळल्या, मग कागल रस्त्याला एक बंगला भाड्यानं घेऊन स्वतःची काढली. निर्माती तीच, दिग्दर्शिका तीच. रोज दुपारी दोनला बायका भांडी तशीच ठेवून आम्हाला बघायच्या.

पुढे प्रेक्षक घटले. चॅनेलनं फर्मावलं, नायिकेचा नवरा मारा आणि सासूनं मंगळसूत्र कॅमेऱ्यासमोर तोडलं पाहिजे, नाहीतर मालिका बंद. आठ दिवस टीव्हीवर जाहिरात फिरली. सासूचा हात माझ्याकडे येतो आणि चित्र थांबतं. माझ्या मरणाची वेळ घरोघरी ठाऊक झाली.

त्या सकाळी सामान सांभाळणाऱ्या आकारामनं मला कच्च्या दोऱ्यात ओवलं, एका हिसक्यात तुटावा म्हणून. बाराच्या आत भाग मुंबईला पाठवायचा होता आणि तयार भाग एकही शिल्लक नव्हता. तेवढ्यात नायिका वर्षाराणी आली ती रडून डोळे सुजवून. तिचा खरा नवरा, यशराज, ऑपरेशनच्या टेबलावर होता. सकाळीच हार्ट अटॅक आला होता. नणंदेला दवाखान्यात बसवून ही कामावर आली होती.

आमच्याकडे एक रीत आहे. लग्न झालेली नटी विधवेचा सीन करते तेव्हा आपलं खरं मंगळसूत्र कमरेला बांधते, अंगावेगळं करत नाही. वर्षाराणी बांधत होती, पण गाठ काही बसेना.

"आज नगं करू," नाजियाताई म्हणाली. "मी सांगते चॅनेलला."

"काय सांगनार मॅडम? एवढी मानसं हाइत की मागं. करते मी."

कॅमेरा सुरू झाला. सासूचं काम करणाऱ्या तानाबाईंचा हात माझ्याकडे आला. माझ्याखाली वर्षाराणीचं काळीज धडधडत होतं. दोरा ताणला गेला आणि तिची मूठ माझ्याभोवती घट्ट मिटली.

"न्हाय तोडायचं! जित्ता हाय त्यो!"

मालिकेतली सून शुद्ध बोलायची. हे तिचं बोलणंच नव्हतं. सगळ्यांच्या माना नाजियाताईकडे वळल्या. अकरा वाजून गेले होते. ती 'कट' म्हणाली नाही.

तानाबाई खऱ्या आयुष्यात तीस वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. त्यांनी हात मागे घेतला. "ऱ्हाऊ दे पोरी," त्या म्हणाल्या. "माझं तोडलं तवा मला कुनी इचारलंतं?"

मग 'कट' झालं. "ह्योच टेक जानार," नाजियाताई म्हणाली आणि तिनं वर्षाराणीला गाडीत घालून दवाखान्यात धाडलं.

अडीच वाजता चॅनेलच्या साहेबांचा फोन आला. "लोकांना तुटलेलं बघायचंय. उद्या सून पाठमोरी दाखवा, दुसरी कोणीही चालेल, पण तोडा. नाहीतर पुढच्या शनिवारी शेवटचा भाग."

मी नाजियाताईच्या हातात होतो. अंगणात सगळे जेवत होते, आकाराम कुणाला तरी भाकरी वाढत होता. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. खरं सांगतो, मी मनात ओरडत होतो, तोड बाई! पितळेसाठी एवढ्यांच्या पोटावर पाय आणू नकोस!

"न्हाय तुटत, साहेब," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला.

मालिका बंद झाली. यशराज वाचला. त्यात माझं काही नाही, ते डॉक्टरांचं काम. आकाराम इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला लागला. नाजियाताईला अजून कुणी काम दिलेलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटच्या दिवशी सामान भरताना तानाबाईंनी मला उचललं, मण्यांवरून बोट फिरवलं, इकडेतिकडे बघितलं आणि पटकन पेटीत ठेवून दिलं.

पेटीत मी आता एकटाच असतो. बायांनो, मी तुटायची वाट बघितलीत, त्याचा राग नाही. नाजियाताई पुन्हा मालिका काढेल. तेव्हा माझं एकच मागणं आहे. मला नायिकेला देऊ नका. तानाबाईंच्या गळ्यात घाला, आणि या वेळी त्यांना विचारून.