काळी पडलेली पोर

बसवंतच्या लहानग्या गौरीची छाती सारखी भरायची. खोकला जरा बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा ताप. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "व्हिटॅमिन डी फारच कमी आहे. औषधाचे थेंब देतो, पण पोरीला सकाळचं ऊनही दाखवा."

ऊन दाखवायचं कुठून? पीण्या नावाच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत, गल्लीतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. ऊन काय ते गच्चीवर. बायको सकाळीच शिलाईच्या कारखान्यात जायची, बसवंत आपल्या कारखान्यात पहाटेच्या पहिल्या पाळीला. घरी उरायची त्याची आई, तानूबाई. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, आणि उन्हावर तिचा राग वेगळाच. "पोरीची जात. काळी पडली तर उद्या कोण करून घेणार?"

कारखान्यात बसवंतनं हे नुसतं बोलून दाखवलं. शेजारच्या लेथवरचा चंदन सगळ्यांत झोपाळू म्हणून प्रसिद्ध. तो आपल्या कानडी वळणानं म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे, माझी दुपारची पाळी तू घे. पहाटे मी येतो."

मग रोज सकाळी बापलेक गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमधून पळापळी खेळू लागले. औषधही चालू होतं. पावसाळा गेला, थंडी आली, पण गौरीची छाती काही भरली नाही.

संक्रांतीला चंदन घरी आला. बसवंत त्याचे आभार मानणार, तोच तानूबाईनं नातीला उचलून चंदनच्या मांडीवर ठेवलं.

"बघ रे बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "तुझ्यापायी पोर कशी काळी ठिक्कर पडली."