क्नोर यांची सावलीची खुर्ची

मित्रांनो, जर्मनीतल्या वायमार गावात मला सगळे सावलीची खुर्ची म्हणत. आज मी जुनी झाले आहे, पण माझे लाकूड अजून पक्के आहे. सुताराने माझ्या उजव्या हातावर एक उभी चौकट बसवली होती. तिच्यावर तेल लावलेला पातळ कागद ताणायचा, खिडक्या मिटायच्या आणि डावीकडे मेणबत्ती लावायची. मग माझ्यावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याची सावली कागदावर पडे. ती पलीकडून पेन्सिलीने गिरवून आत काळी शाई भरत.

हे काम माझे धनी लेबेरेख्ट क्नोर करत. ते दरबारी ग्रंथालयात हस्तलिखितांच्या नकला करत. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या घरी गावातले लेखक चहाला जमत. सगळ्यांना प्राचीन ग्रीकांचे वेड. कविता कशी संयमी आणि शांत असावी, यावर ते टेबलावर मुठी आपटून भांडत. भांडण संपले की एकेक जण माझ्यावर येऊन बसे.

"क्नोर, नाक जरा सरळ काढा हं. ग्रीक मूर्तीसारखं," एक जाडे कवी म्हणाले.

"मूर्तीला सर्दी नसते, महाराज. आधी नाक पुसा!"

किती हसले होते सगळे! तसे गुरुवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

वर्षे गेली. काही लेखक वारले, काही गाव सोडून गेले. क्नोर यांचा हात थरथरू लागला. एका हिवाळ्यात त्यांची मुलगी मिन्ना चित्रांची पेटी आवरत होती. पेटीत एकशे बारा चेहरे होते. बाबांचा एकही नव्हता.

"बाबा, आज तुम्ही बसायचं."

"पुढच्या गुरुवारी बघू."

"गुरुवारी आता कोण येतंय? बसा."

तिने खिडक्या मिटल्या आणि मेणबत्ती लावली. सावली गिरवायला पेन्सील तिने प्रथमच हाती घेतली होती. क्नोर माझ्यावर टेकले. किती हलके झाले होते ते!

"हलू नका."

"हलतोय कुठं? थरथरतोय."

"बोलूही नका."

"मग त्या कवींना तू कसं बसवलं असतंस गं?"

सावलीचे ओठ हलत राहिले आणि रेघ दोनदा उमटली. क्नोर यांनी कागद पाहिला.

"चार ओठ काढलेस की माझे!"

"गप्प बसला असता तर दोनच आले असते. थांबा, पुन्हा काढते."

"नको. अगदी माझ्यासारखं झालंय. चल, सूप निवतंय."

त्यानंतर दहा दिवसांनी ते गेले.

मिन्ना शाई घेऊन त्या कागदापुढे बसली. शाई भरायची तर दोन रेघांपैकी एक निवडावी लागणार होती. मग तिने दौतीला बूच लावले आणि कागद तसाच भिंतीवर लावला.

पुढे फोटो आले आणि मी माळ्यावर गेले. कित्येक वर्षे धूळ खात पडले. आता एका लहानशा संग्रहालयात असते, पुढे दोरी बांधलेली. माझ्यावर कोणी बसत नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, सांभाळू नका, चालेल. पण तुमच्या घरातही सगळ्यांची चित्रे आणि फोटो काढणारे एक माणूस असेल. त्याला म्हणा, आज तुम्ही बसा. ते टाळेल, हसेल, हलेल. तरी आजच काढा.